जकात कधी, फित्रा कधी आणि द्यायचा कोणाला: कोकणात नेहमी विचारले जाणारे प्रश्न

रमजानचा चांद दिसला की आमच्या जमातीचे, म्हणजे मोहल्ल्यातल्या मुसलमानांच्या मंडळाचे, पावतीपुस्तक माझ्या पिशवीत येते. जकात म्हणजे वर्षभर राहिलेल्या संपत्तीतून गरजूंना देणे बंधनकारक असलेला हिस्सा, पैशावर अडीच टक्के. फित्रा म्हणजे ईदच्या आधी डोईमागे द्यायचे धान्य. पैसे घेऊन येणाऱ्यांपेक्षा प्रश्न घेऊन येणारे जास्त, आणि प्रश्नही दरवर्षी जवळपास तेच. निम्म्या गोंधळाचे मूळ एकच आहे. श्रीवर्धनपासून राजापूरपर्यंतचे कोकणी मुसलमान बहुतांशी शाफई मजहबाचे (मजहब म्हणजे धर्मनियमांची परंपरा). मोबाइलवर फिरणारी बयाने (धार्मिक भाषणे) आणि जकातीचे तयार तक्ते मात्र बहुतेक हनफी या दुसऱ्या मजहबाच्या पद्धतीचे. दोन्ही बरोबर आहेत, पण एकाचा नियम आणि दुसऱ्याची सूट अशी मिसळ करून हिशोब लागत नाही. म्हणून जेथे फरक पडतो तेथे दोन्ही बाजू दिल्या आहेत. मी आलिम (धर्मपंडित) नाही, हिशोब मांडणारा आहे. तुमच्या घरचा गुंता वेगळा असेल तर मोहल्ल्यातल्या इमामसाहेबांना विचारा.

जकात रमजानमध्येच द्यायची असते ना?

नाही. रमजानमध्ये ठरलेला आहे तो फित्रा. जकातीची तारीख प्रत्येकाची वेगळी असते. तुमच्याकडची मालमत्ता ज्या दिवशी निसाबाएवढी, म्हणजे जकात लागू होण्याच्या किमान मर्यादेएवढी, झाली, त्या दिवसापासून चांद्रवर्ष मोजायचे. वर्ष पुरे झाले की जकात लागू. एखाद्याची तारीख मोहरममध्ये येईल, एखाद्याची रज्जबमध्ये.

लोक रमजान धरतात कारण त्या महिन्यात सवाब (पुण्य) जास्त मानला जातो, आणि तारीख लक्षात राहते. त्यात वावगे काही नाही. पण तुमचे वर्ष मोहरममध्ये पुरे होत असेल तर ‘रमजान आला की बघू’ म्हणून आठ महिने पैसे धरून ठेवणे चालत नाही. घेणाऱ्याचा हक्क त्याच दिवशी उभा राहिला. रमजानलाच द्यायचे मनात असेल तर मोहरमच्या आधीच्या रमजानमध्ये आगाऊ देऊन मोकळे व्हा, ते चालते.

माझी तारीख मला माहीतच नाही. आता काय करू?

बहुतेकांना माहीत नसते. पहिली नोकरी कधी लागली, पहिली ठेव कधी ठेवली, लग्नात काय मिळाले, असे आठवून अंदाजाने एक इस्लामी तारीख पक्की करा आणि भिंतीवरच्या कॅलेंडरवर लाल गोल करून ठेवा.

३१ मार्चला दुकानाचा हिशोब बंद करतो. तीच तारीख धरली तर?

चालवून घेतात, पण दर बदलतो. चांद्रवर्ष ३५४ दिवसांचे, इंग्रजी वर्ष ३६५ दिवसांचे. आपल्याकडे ईद २०२४ मध्ये ११ एप्रिलला झाली, २०२५ मध्ये ३१ मार्चला, म्हणजे अकरा दिवस आधी. इंग्रजी वर्ष धरून अडीच टक्केच देत राहिलात तर या अकरा दिवसांची जकात दरवर्षी बुडते. म्हणून इंग्रजी वर्षाला २.५७७ टक्के धरतात. चार लाखांवर १०,००० ऐवजी १०,३०८ रुपये. फरक चहापाण्याचा आहे, पण तो तुमचा नाही.

निसाब म्हणजे नेमके किती? साडेसात तोळे ना?

साडेसात तोळे सोने किंवा साडेबावन्न तोळे चांदी, हे खरे. पण तोळा कोणता? हा तोळा जुना, ११.६६४ ग्रॅमचा. त्याने सोन्याचा निसाब ८७.४८ ग्रॅम आणि चांदीचा ६१२.३६ ग्रॅम होतो. सराफ आज दहा ग्रॅमला तोळा म्हणतो. त्या तोळ्याने ७५ ग्रॅमवरच लोक स्वतःला साहेब-ए-निसाब समजतात, किंवा चांदीचे ५२५ ग्रॅम धरून हिशोब करतात. सराफाच्या तोळ्यात सांगायचे तर सोने पावणेनऊ तोळे आणि चांदी सव्वाएकसष्ट तोळ्यांच्या आसपास. अरब देशांतले बरेच उलमा (धर्मपंडित) ८५ आणि ५९५ ग्रॅम धरतात. आखातातून आलेल्या माणसाचा आकडा वेगळा निघाला तर तो या कारणाने.

रोख पैशाला बहुतेक जण चांदीचा निसाब लावतात, कारण त्याने जास्त घरे देणाऱ्यांत येतात आणि गरिबाचा फायदा होतो. समजा चांदी ग्रॅमला १५० रुपये आहे, तर निसाब ९१,८५४ रुपये. भाव रोज बदलतो, म्हणून आकडा पाठ करू नका. आपल्या तारखेच्या दिवशीचा भाव घ्या.

वर्षात मध्येच पैसे निसाबाखाली गेले तर?

शाफई मजहबात रोख आणि सोने-चांदी वर्षभर निसाबाच्या वर राहायला हवी. जूनमध्ये मुलांच्या फीला सगळे गेले आणि शिल्लक निसाबाखाली आली, तर वर्ष तुटले. पुन्हा निसाब भरेल त्या दिवसापासून नवी मोजणी. व्यापाराच्या मालाला मात्र वर्षाच्या शेवटी काय आहे तेवढेच पाहतात. हनफी मजहबात वर्षाच्या सुरुवातीला आणि शेवटी निसाब असला की पुरे, मधला उतार धरत नाहीत.

दर महिन्याला पगार येतो. प्रत्येक पगाराचे वर्ष वेगळे मोजायचे का?

शाफई नियमाने काटेकोर पाहिले तर हो, प्रत्येक नव्या रकमेचे वर्ष तिच्यापासून. पण असा हिशोब कोणी ठेवू शकत नाही. सोपा मार्ग असा: एकच तारीख धरा, त्या दिवशी जेवढी शिल्लक आहे त्या सगळ्यावर द्या. जिचे वर्ष पुरे झाले नाही तिची जकात आगाऊ दिली गेली, एवढेच. हनफी पद्धत तर मुळातच अशी आहे.

बायकोच्या अंगावरच्या दागिन्यांवर जकात आहे का?

सर्वांत जास्त वाद याच प्रश्नावर होतो, तोही घरातल्या घरात.

शाफई मजहबातले प्रबळ मत असे की बाईने वापरासाठी ठेवलेल्या, रिवाजाला धरून असलेल्या दागिन्यांवर जकात नाही. रोजच्या बांगड्या, लग्नाला घालायचा हार, कानांतले, सगळे यात आले. पण खालच्या गोष्टी यातून सुटत नाहीत. बिस्किटे आणि नाणी. ‘पुढे अडचणीला येईल’ म्हणून घेऊन बँकेच्या लॉकरमध्ये टाकलेले आणि कधीच अंगावर न चढलेले सोने. मोडलेला आणि दुरुस्त करायचा विचार नसलेला दागिना. रिवाजाबाहेरचा दागिन्यांचा डोंगर. आणि पुरुषाची सोन्याची अंगठी किंवा साखळी, कारण ते घालणेच त्याला जायज नाही.

हनफी मजहबात दागिना घालण्याचा असो की ठेवण्याचा, सगळ्यावर जकात. म्हणून हनफी घरातून आलेली सून आणि शाफई सासू एकाच कपाटातल्या सोन्याचा दोन प्रकारे हिशोब करतात. दोघींचेही आपापल्या जागी बरोबर. कोकणातल्या कितीतरी बायका शाफई असूनही खबरदारी म्हणून दागिन्यांची जकात देतात. दिली तर उत्तमच. मात्र एक लक्षात ठेवा: दागिने बायकोचे तर जबाबदारीही तिची. नवऱ्याने दिली तर तिला विचारून, तिच्या वतीने.

माझे किराणा दुकान आहे. हिशोब कसा मांडू?

म्हसळ्यातले एखादे दुकान डोळ्यांसमोर आणा. तारखेच्या दिवशी फळीवरचा आणि गोदामातला माल आज विकायला काढला तर ३,४०,००० रुपयांचा. बँकेत १,२०,०००. गिऱ्हाइकांकडे उधारी ६०,०००, त्यातली ४०,००० नक्की येणारी, बाकीची वही फाडावी अशी. घाऊक व्यापाऱ्याचे देणे १,००,०००.

मोजायचे: माल, बँक आणि येणारी उधारी मिळून पाच लाख. फळ्या, फ्रिज, वजनकाटा, टेम्पो मोजायचे नाहीत, ती साधने झाली. तारीख उलटलेली बिस्किटे शून्य धरा. आता देण्याचे काय? शाफई मजहबाच्या प्रबळ मताप्रमाणे कर्जामुळे जकात कमी होत नाही, म्हणून पाच लाखांवर १२,५०० रुपये. हनफी पद्धतीने देणे वजा, चार लाखांवर १०,००० रुपये. घराच्या मोठ्या कर्जाबद्दल वजावट मानणारे अनेक उलमाही सगळे कर्ज वजा करू देत नाहीत, फार तर येत्या वर्षाचे हप्ते.

हापूसची बाग आहे. आंब्यावर उश्र, म्हणजे पिकावरची जकात, लागतो का?

शाफई मजहबात फळांपैकी फक्त खजूर आणि द्राक्षांवर जकात आहे, आणि धान्यांपैकी जे मुख्य अन्न असून साठवता येते त्यावर. म्हणजे आंबा, काजू, नारळ, सुपारी, फणस यांच्या पिकावर नाही. आंब्याच्या पेट्या वाशीला गेल्या, पैसे आले, ते वर्षभर राहिले तर त्या पैशावर अडीच टक्के. हनफी मजहबात इमाम अबू हनिफांच्या मते जमिनीतून निघणाऱ्या जवळजवळ सगळ्याच पिकावर उश्र आहे, आंबाही त्यात आला.

खंडाने बाग घेणारा मात्र व्यापारी. त्याच्या तारखेला हातात असलेला माल आणि पैसा दोन्ही मोजायचे.

आणि भाताचे काय?

भात हे कोकणाचे मुख्य अन्न, म्हणून त्यावर जकात आहे, आणि तिला वर्षाची अट नाही. कुरआनच्या सूरह अनआमचा हुकूम कापणीच्या दिवशी हक्क देण्याचा आहे. मळणी झाली की द्यायचे. पावसाच्या पाण्यावरचे पीक असेल तर दहावा हिस्सा. पंपाने किंवा विहिरीतून पैसे खर्चून पाणी दिले असेल तर विसावा. आपली खरिपाची शेती सगळी पावसावर, म्हणजे दहावा.

निसाब पाच वसक, म्हणजे तीनशे साअ; ही जुनी अरबी मापे. किलोत ते साधारण ६५० च्या पुढे जाते, साअ किती धरता त्यावर. पण शाफई किताबांत सालीसकट ठेवल्या जाणाऱ्या भातासाठी खास सांगितले आहे की निसाब दहा वसक, कारण निम्मे सालीत जाते. कणगीतले भात या हिशोबाने तेराशे किलोंच्या वर असेल तरच जकात. डोंगरउतारावरच्या पाच-दहा गुंठ्यांत एवढे पिकत नाही, त्यामुळे बहुतेक घरांना ती लागत नाही. खाडीकाठच्या मोठ्या खातेदारांनी मात्र तपासून पाहावे. हा नियम कोकणात जवळजवळ विसरल्यासारखा झाला आहे.

बोटीवर, जाळ्यावर, मासळीवर जकात आहे का?

बोट, इंजिन, जाळी ही साधने, त्यांवर नाही. समुद्रातून काढलेल्या मासळीवर नाही. विकून जमलेल्या पैशावर नेहमीसारखी.

येथे एक सुचवतो. महाराष्ट्राच्या किनाऱ्यावर १ जून ते ३१ जुलै मासेमारी बंद असते. मिरकरवाडा असो की हर्णै, तेव्हा खलाशांच्या घरी पैसा येत नाही. शाळाही त्याच महिन्यात सुरू होतात. रमजान सध्या हिवाळा-उन्हाळ्याच्या कडेला येतो, त्यामुळे सगळी जकात त्या एका महिन्यात वाटून संपते आणि जूनमध्ये जमातीची पेटी रिकामी. निसाब असणाऱ्याला येत्या वर्षाची जकात आगाऊ देता येते. त्यातला एक भाग जूनसाठी ठेवला तर दहा घरांचे पावसाळे निघतील. आगाऊ हप्त्याने दिले तर हरकत नाही. तारीख उलटल्यावर मात्र विनाकारण हप्ते पाडू नयेत.

मुंबई-गोवा हायवेलगत प्लॉट घेतला आहे. त्यावर?

घर बांधायला घेतला तर नाही. भाव वाढला की विकायचा म्हणून घेतला तर तो व्यापाराचा माल, दरवर्षी त्या दिवसाच्या बाजारभावावर अडीच टक्के. वारसाने आलेली जमीन नुसती ‘विकून टाकू’ असे मनात आल्याने व्यापाराची होत नाही, ती विकून पैसे आल्यावर पाहू. भाड्याने दिलेल्या खोल्यांवर नाही, साठलेल्या भाड्यावर आहे.

लहान मुलांच्या नावावर ठेव आहे.

शाफई: मुलाच्या पैशातून पालकाने द्यायची. यतीमाच्या (अनाथाच्या) पैशालाही हेच लागू. हनफी: बालिग होईपर्यंत (वयात येईपर्यंत) नाही.

जकात कोणाकोणाला देता येते?

सूरह तौबाच्या साठाव्या आयतीत आठ हक्कदार सांगितले आहेत: फकीर आणि मिस्कीन (दोन्ही गरीब), जकात गोळा करणारे, ज्यांची मने जोडायची आहेत ते, गुलामीतून सोडवायचे लोक, कर्जात बुडालेले, अल्लाहच्या मार्गात असलेले आणि वाटेत अडकलेला मुसाफिर. गावात प्रत्यक्षात भेटतात ते पहिले दोन आणि कर्जवाले.

आई-बाप, आजी-आजोबा, मुले, नातवंडे आणि बायको यांना नाही, त्यांचा खर्च तसाही तुमच्यावर आहे. भाऊ, बहीण, चाचा, फुफी, मामू, खाला, पुतणे-भाचे गरजू असतील तर त्यांना आधी द्या. हदीसप्रमाणे नातेवाइकाला दिल्याचा सवाब दुहेरी, सदक्याचाही (दानाचाही) आणि नाते जोडल्याचाही. सय्यद घराण्याला (पैगंबरांच्या वंशजांना) जकात चालत नाही. त्यांना मदत करायची ती हदिया (भेट) म्हणून, आणि अशी घरे अनेकदा मागे राहून जातात.

‘ही जकात आहे’ असे सांगून द्यावे लागते का?

अजिबात नाही. नियत तुमच्या मनात असली की झाले. विधवा बहिणीच्या हातात पाकीट देताना ‘ईदी आहे, पोरांना कपडे घे’ म्हटले तरी जकात अदा होते. मी तर म्हणेन की गावात सांगूच नका. तीनशे उंबऱ्यांच्या मोहल्ल्यात कोणाच्या दारी कसले पाकीट गेले हे दुसऱ्या दिवशी मच्छीबाजारात कळते. वाटप करताना फोटो काढण्याची जी नवी पद्धत आली आहे तिच्याबद्दल न बोललेलेच बरे.

एकाने माझे पन्नास हजार बुडवलेत. ते माफ करून जकातीत धरू का?

नाही, दोन्ही मजहबांत तशी जकात होत नाही. जकात प्रत्यक्ष हातात द्यायला हवी, येणे सोडून चालत नाही. तो खरोखर हक्कदार असेल तर कोणतीही अट न घालता त्याला जकात द्या. नंतर त्याने आपणहून तुमचे कर्ज फेडले तर ती त्याची मर्जी.

मशिदीच्या स्लॅबला जकात चालते का?

नाही. मशीद, कबरस्तानची भिंत, रस्ता, विहीर यांना लिल्लाह, म्हणजे सदक्याचे (ऐच्छिक दानाचे) पैसे लागतात. मदरशात गरीब मुलांसाठी जकात चालते, इमारतीसाठी नाही. म्हणून जमातीने जकात, फित्रा आणि लिल्लाह यांची खाती आणि पेट्या वेगळ्या ठेवायला हव्यात. पावती फाडताना कशाचे पैसे हे विचारत नाही त्या खजिनदाराला तुम्ही विचारा.

फित्रा कधी आणि किती?

शाफई मजहबात शेवटच्या रोजाचा सूर्य मावळला की फित्रा वाजिब (बंधनकारक) होतो. त्याआधी जन्मलेल्या बाळाचा द्यायचा, नंतर जन्मलेल्याचा नाही. रमजानच्या पहिल्या दिवसापासून आगाऊ देता येतो, उत्तम वेळ ईदच्या सकाळी नमाजच्या आधी. ईदचा सूर्य मावळल्याच्या पुढे लांबवणे गुनाह आहे, आणि तरी तो द्यावा लागतोच. हनफी मजहबात ईदच्या पहाटे वाजिब होतो.

किती? गावात जे खातात त्या धान्याचा एक साअ, डोईमागे. आपल्याकडे म्हणजे तांदूळ, आणि जमाती साधारण अडीच ते तीन किलो जाहीर करतात. गव्हाचे पावणेदोन किलो हे माप हनफी अर्ध्या साअचे. ते ऐकून तांदूळही तेवढाच देऊ नका. घरी कोलम शिजत असेल तर रेशनचा तांदूळ फित्र्याला काढणे हे काही बरे दिसत नाही.

शाफई मजहबात धान्यच द्यायचे. जमात पैसे घेते ती तुमची वकील (प्रतिनिधी) म्हणून, त्या पैशांचे तांदूळ घेऊन वाटते. तेव्हा जमातीकडे ईदच्या आदल्या रात्री दहा वाजता पैसे पाठवून ‘पोचले का’ विचारण्यापेक्षा आठवडाभर आधी द्या. पोती आणायला, तोलायला, घरोघर पोचवायला माणसे लागतात.

फित्र्याला निसाब लागत नाही. ईदची रात्र आणि दिवस पुरेल एवढे सोडून जास्त असेल त्या प्रत्येकाने स्वतःचा आणि ज्यांचे पोट त्याच्यावर आहे त्यांचा द्यायचा. हनफी मजहबात मात्र निसाब असलेल्यावरच.

रोजे सुटले त्याची फिदया, म्हणजे रोजाच्या बदली द्यायचे धान्य, किती?

म्हातारपणाने किंवा बऱ्या न होणाऱ्या आजाराने रोजा शक्यच नसेल तर शाफई हिशोबाने एका रोजाला एक मुद, म्हणजे साअचा चौथा हिस्सा, साधारण सहाशे-सातशे ग्रॅम तांदूळ. बरे होण्याची आशा असेल तर फिदया नाही, कजा, म्हणजे तो रोजा नंतर भरून काढायचा.

हिंदू शेजाऱ्याला देता येते का?

जकात नाही, सदका जरूर. ३ जून २०२० च्या निसर्ग वादळात आणि २२ जुलै २०२१ च्या चिपळूणच्या पुरात हाच प्रश्न आला होता. सदक्याला धर्म, तारीख, निसाब, टक्का काही नाही. भिजलेल्या घरात भाकरी पोचवायला कोणाला विचारावे लागत नाही.

मी कुवेतला आहे. जकात तेथे देऊ की गावी पाठवू?

शाफई मजहबाचे मूळ मत, पैसा जेथे तेथेच वाटावा. पण गावचे गरजू नातेवाईक असतील तर पाठवायला अनेक उलमा परवानगी देतात, आणि कोकणातली निम्मी घरे त्यावरच उभी आहेत. फित्रा वेगळा: जो माणूस जेथे आहे त्याचा तेथे. तुमचा कुवेतला, बायकामुलांचा खेडला.

संस्थेला पाठवत असाल तर पासपोर्ट पाहा. भारतीय पासपोर्ट असलेल्याने आपल्या कमाईतून बँकेमार्फत पाठवलेले पैसे परदेशी देणगी ठरत नाहीत. परदेशी नागरिकत्व घेतलेल्याचे ठरतात, आणि ते घ्यायला संस्थेकडे परदेशी देणगीच्या कायद्याखालची परवानगी लागते. गावच्या जमातीकडे ती सहसा नसते. लंडनच्या किंवा केप टाऊनच्या भावाने थेट गरजू नातेवाइकाला पाठवणे सोपे.

आयकर भरला तो जकातीत धरता येतो का? आणि बँकेचे व्याज?

कर म्हणजे कर, जकात वेगळी. जकातीची पावती मिळाली म्हणून करात सूट मिळतेच असेही नाही. एकाच धर्मसमुदायासाठी चालणाऱ्या संस्थेला ती सवलत सहसा नसते, आणि नव्या कररचनेत देणगीची वजावटच नाही. बँकेचे व्याज जकातीत देता येत नाही. ते सवाबाची अपेक्षा न ठेवता गरजूला देऊन हातावेगळे करायचे.

जमातीला दिले म्हणजे माझी जबाबदारी संपली का?

जमात तुमची वकील आहे असे धरले तर पैसे हक्कदाराच्या हातात पडेपर्यंत संपत नाही. म्हणून विचारायचा हक्क तुम्हाला आहे: किती जमले, किती वाटले, किती पडून आहे. नावे विचारू नका, आकडे विचारा. आमच्याकडे शव्वालच्या (रमजाननंतरच्या महिन्याच्या) पहिल्या जुम्म्याला (शुक्रवारी) नमाजनंतर जमाखर्च वाचून दाखवतात. तुमच्याकडे तसे होत नसेल तर पुढच्या सभेत विषय काढा.